तटस्थ राहिलेले सभासद 'उपस्थित' धरावेत का? इतिवृत्त लिहिण्यापूर्वी मदत हवी आहे

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस आहे. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे. गेल्या रविवारी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा ठराव मताला आला. कोणताही पदाधिकारी एकाच पदावर सलग दोन मुदतींपेक्षा अधिक काळ राहू शकत नाही, ही अट काढून टाकावी, असा तो ठराव होता. सभेची सूचना वेळेवर गेली होती आणि गणपूर्तीही झाली होती. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

हात वर करून मतदान झाले. मी स्वतः दोनदा मोजले. सभागृहात ३० सभासद होते. बाजूने १९, विरोधात ६ आणि ५ जण तटस्थ. आमच्या घटनेतील शब्द असे आहेत: 'उपस्थित सभासदांच्या दोन तृतीयांश बहुमताने'. ३० जणांचे दोन तृतीयांश म्हणजे २०, म्हणून ठराव एका मताने पडतो. मात्र ज्यांनी मत दिले ते २५ जणच धरले, तर १७ मते पुरतात आणि ठराव सहज संमत होतो. अध्यक्षांनी दुसरा हिशेब धरून ठराव संमत झाल्याचे जाहीर केले आणि त्याच सभेत तिसऱ्या मुदतीसाठी त्यांचीच निवड झाली. वाचनालय आज उभे आहे ते बहुतांशी त्यांच्या कष्टांवर, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही, ज्या ठरावाचा परिणाम स्वतःवर होणार आहे तो मताला असताना त्यांनी अध्यक्षस्थान दुसऱ्या सभासदाकडे द्यायला हवे होते, असे मला वाटते.

घरी येऊन खजिनदारांकडील पावतीपुस्तक हजेरीवहीशी ताडून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. उपस्थितांपैकी चौघांची गेल्या वर्षाची वर्गणी थकलेली आहे. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. त्या चौघांपैकी तिघांनी बाजूने मत दिले होते, एक तटस्थ होता. त्यांना वगळल्यास उपस्थित २६, बाजूने १६, विरोधात ६, तटस्थ ४ असे आकडे राहतात. २६ चे दोन तृतीयांश गाठायला १८ मते लागतात, तर मत देणाऱ्या २२ जणांचे गाठायला १५ पुरतात. म्हणजे थकबाकीदार वगळले तरी पेच जिथल्या तिथेच राहतो. सगळे 'उपस्थित' या एका शब्दावर अडले आहे.

एका ज्येष्ठ सभासदांनी कलम १२ मधील तीन पंचमांश मतांचा आणि महिन्याच्या अंतराने घ्यायच्या दुसऱ्या सभेचा मुद्दा काढला. ते कलम मी वाचले. ते संस्थेचे उद्देश बदलण्याविषयी किंवा संस्था दुसरीत विलीन करण्याविषयी आहे. पदाच्या मुदतीला ते लागू होईल असे मला वाटत नाही. चुकत असल्यास कृपया सांगावे.

कलम ४ प्रमाणे कार्यकारिणीची यादी सभेपासून चौदा दिवसांच्या आत निबंधकांकडे द्यायची असल्याने वेळ थोडा आहे. अध्यक्षांनी जाहीर केलेला निकाल आहे तसा नोंदवून त्याखाली मतांचे आकडे आणि थकबाकीची नोंद करणे योग्य होईल, की चिटणीसाने असे काही स्वतःहून लिहिणे अधिकाराबाहेरचे ठरेल? विशेष सभा बोलावून फेरमतदान घ्यायचे झाल्यास तोपर्यंत यादीत अध्यक्ष म्हणून कोणाचे नाव द्यावे? ज्यांच्या संस्थेच्या घटनेत 'उपस्थित व मतदान करणारे' असे शब्द आहेत, त्यांनी ते संपूर्ण कलम येथे उतरवून दिल्यास फार मदत होईल. इतिवृत्तवहीत त्या ठरावापुरते अर्धे पान मी सध्या कोरे ठेवले आहे.