मदत हवी आहे: वॉशर-ड्रायर एकत्र घेऊ की दोन वेगळी मशीन?

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, आठव्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, मुलगी सहावीत, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेलीय, अंथरुणातच असतात. दिवसा मावशी येतात, रात्री आम्ही. आता सांगायचं म्हणजे रोज रात्रीतून दोन चादरी तरी निघतातच, कधी तीन, त्यावर अंथरलेले पंचे, लुंग्या, टॉवेल, आणि शिवाय आमचे रोजचे कपडे, युनिफॉर्म. मे महिन्यात काही वाटलं नाही, दोन तासात चादर कडक वाळायची. जून लागला आणि सगळं घर म्हणजे धोबीघाट झालंय. हॉलमध्ये स्टँड, बेडरूमच्या दाराला चादर, पंख्याखाली चादर, खुर्च्यांच्या पाठीवर पंचे. दोन दिवस झाले तरी शिवणी ओल्याच, आणि तो कुबट वास. डॉक्टरांनी बजावलंय की ओलसर चादर घालायची नाही, पाठीची कातडी जाते, म्हणून मी रात्री अकरा वाजता चादरींना इस्त्री करत बसते. पांढरी वाफ निघते नुसती.

त्यात गेल्या आठवड्यात मशीनने मान टाकली. ९ वर्षांचं टॉप लोड, ७ किलोचं. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स गेलाय, साडेसहा हजार होतील आणि गॅरंटी देत नाही. म्हटलं आता नवीनच घेऊ आणि सुकवण्याची सोय पण करू.

दुकानात गेलो तर सेल्समनने एकत्रवालं गळ्यात मारायचा चंग बांधलेला. कपडे टाका, बटन दाबा, वाळलेले काढा. ऐकायला छानच. पण त्यावर लिहिलं होतं धुणं ८ किलो, सुकवणं ५ किलो. मी विचारलं की मग आठ किलो धुतले तर उरलेल्या तिनाचं काय? तर म्हणे मॅडम, ते काढून ठेवायचे. म्हणजे मी मशीनजवळ उभी राहून ओल्या कपड्यांची वाटणी करायची! आणि धुऊन सुकवून किती वेळ, तर पाच-सहा तास. किंमत सांगितली ५८ हजार.

दुसरा पर्याय म्हणजे फ्रंट लोड वेगळं आणि ड्रायर वेगळा. गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा साधा साडेपाच किलोचा ड्रायर धरून दोन्ही मिळून ६३ च्या आसपास जातंय. हीट पंपवाल्याची (तीच उष्णता परत परत वापरणारा ड्रायर) किंमत ऐकून नवरा दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

अडचण जागेची. मशीन ड्राय बाल्कनीत आहे (नाव बिल्डरने ठेवलंय, पावसाळ्यात तिथे ड्राय काही नसतं). मशीनची जागा २५ इंच रुंद, शेजारी मोरी आणि भांडी घासायचा कट्टा. म्हणजे ड्रायर वरच चढवायला लागणार. आणि वर आहे गॅस गीझर, त्याची खालची कड जमिनीपासून ५ फूट ४ इंचावर. मी टेप लावून तीनदा मोजलं. मशीनवर ड्रायर ठेवला की साधारण पावणेसहा फूट होतात. म्हणजे चार-पाच इंचांनी गाडी अडलीय.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच. त्या म्हणतात, ह्याचे लंगोट मी श्रावणात शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवलेत, तुम्हाला काय एवढी मशीनं लागतात. त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही, पण आता शेगडी कुठे लावू आठव्या मजल्यावर?

तर कोणी एकत्रवालं खरंच रोज वापरतंय का? आठवड्यातून एकदा नाही, रोज. वीज किती खातं? आमचं महावितरणचं बिल २६०-२८० युनिटचं असतं, ३०० च्या वर गेलं की स्लॅब बदलतो म्हणून धास्ती आहे. आणि पाणी टँकरचं आहे, जड, नळाला पांढरे थर बसतात.

प्रतिसाद

आमच्याकडे एकत्रवालं आहे, तीन वर्षं झाली, पुण्यात. आम्ही दोघंच, दोघं नोकरीवाले. रात्री टाकतो, सकाळी काढतो, मस्त चाललंय. पण तुमच्या केसमध्ये मी नको म्हणेन. कारण एकच, ते सुकवत असतं तेव्हा धूत नाही. सकाळी सात वाजता चादरी टाकल्या तर दुपारी बारापर्यंत मशीन अडकलेलं, मधे आजोबांची अजून एक चादर खराब झाली की ती बादलीत. वेगळी असतील तर पहिला घाणा वर सुकतोय तोवर दुसरा खाली धुतला जातो. आणखी एक, दोन्हीपैकी एक बिघडलं तर एकत्रवाल्यात दोन्ही बंद. आमचा हीटर गेला तेव्हा मेकॅनिक मशीन अख्खं उघडून बसला होता, आठ दिवस लाँड्रीत कपडे.

प्रतिसाद

पाण्याचा मुद्दा कोणी सांगितला नाही म्हणून सांगतो. बऱ्याच एकत्रवाल्या मशीनना सुकवायलाही पाणी लागतं. ड्रममधली गरम दमट हवा थंड करून तिच्यातलं पाणी काढायला आतून गार पाणी सोडतात आणि ते ड्रेनमधून जातं. काही मॉडेल हवेवर थंड करतात, त्यांना लागत नाही. टँकर सोसायटी असेल तर हे विचारूनच घ्या. आणि जड पाण्याने हीटरवर क्षार बसतात, महिन्या-दोन महिन्यांनी डिस्केलिंग पावडरने रिकामं मशीन फिरवायचं, हे फ्रंट लोडला पण लागू.

प्रतिसाद

ताई, घरात सामान मोजायचा लटकता काटा आहे का, विमानप्रवासाला वापरतात तो? एक दिवसाचे कपडे धुवायच्या आधी कोरडे मोजा आणि पिळून निघाले की परत मोजा. मग बोलू.

धागाकर्ती

मशीन बंद आहे पण खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या टॉप लोडमध्ये धुतले आज, बिचाऱ्या रोज देतात वापरायला. पिशवी काट्याला लटकवून नवऱ्याने धरली, मी आकडा वाचला. कोरडे ३.८ किलो, पिळून ६.६. मला वाटलं काटा बिघडला, परत मोजलं, तेच.

प्रतिसाद

काटा बरोबर आहे. २.८ लिटर पाणी कपड्यात राहिलंय. टॉप लोडचा स्पिन, म्हणजे पिळताना ड्रमचे मिनिटाला फेरे, साधारण ७०० च्या आसपास असतो, तेवढं राहणारच. आता हिशेब बघा. एक लिटर पाण्याची वाफ करायला शास्त्रानुसारच ०.६३ युनिट लागतं, त्यात पाण्याला आणि ड्रमला तापवणं, बाहेर फुकट जाणारी उष्णता धरली की दीडपट धरा. म्हणजे तुमच्या या घाण्याला साधा ड्रायर पावणेतीन युनिटच्या आसपास खाईल. तेच फ्रंट लोडमध्ये १४०० च्या स्पिनवर पिळले तर पाणी कपड्यांच्या वजनाच्या निम्म्यावर येतं, म्हणजे १.९ लिटर, आणि वीज पावणेदोन-दोन युनिट. मोटर पिळते ते जवळपास फुकट, हीटर सुकवतो ते महाग. म्हणून ड्रायर कुठला याच्या आधी वॉशरचा स्पिन बघा. महिन्याला ६० युनिट धरा, तीनशेची रेघ पावसाळ्यात ओलांडालच, पण नोव्हेंबरनंतर दोरी आहेच की.

हीट पंपवाला हीच वाफेतली उष्णता परत वापरतो म्हणून निम्म्या विजेत होतं, तापमानही कमी, कपड्यांना बरं. पण वेळ जास्त आणि किंमत तुम्ही ऐकलीच आहे.

प्रतिसाद

मी नर्स आहे, दोन गोष्टी. चादरी ६० डिग्रीवर धुवा, फ्रंट लोडला आत हीटर असतो, तुमच्या जुन्या मशीनला नसणार. हा फायदा ड्रायरपेक्षा मोठा आहे. आणि कंडिशनर घालू नका पंच्यांना, टॉवेलना, पाणी शोषणं कमी होतं.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. आजोबांना मालिश करता का? कसलं तेल?

धागाकर्ती

हो, फिजिओथेरपिस्ट येतात आणि त्याआधी सासूबाई तिळाचं तेल लावतात रोज. चादरीला, टॉवेलला लागतंच. का?

प्रतिसाद

मग लक्ष द्या. खायच्या तेलाचे कपडे ड्रायरमध्ये आग लागायचं कारण होऊ शकतात. तेल गरम झालं की हवेशी संयोग होऊन आणखी तापतं, आणि गरम कपड्यांचा ढीग करून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. तेलकट टॉवेल वेगळे, गरम पाण्यात जास्त पावडर घालून धुवा, हाताला तेल लागत नाही ना बघा, शंका आली तर दोरीवर. शेवटी ड्रायर दहा मिनिटं गार हवा फिरवतो, ते मधे बंद करून कपडे काढायचे नाहीत. रबरी शीट ड्रायरमध्ये अजिबात नाही. प्लास्टिकचं अस्तर असलेले अंडरपॅड त्यावरचं लेबल बघून. आणि जाळीतलं लिंट (कपड्यांतून सुटलेले बारीक तंतू) प्रत्येक वेळी काढायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

धागाकर्ती

बाप रे. हे तर दुकानात कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग तेलाचा टॉवेल मी हाताने धुते, मशीनला कशाला लावता. सुटला एक प्रश्न.

वेगळी घ्यायचं जवळपास ठरतंय आमचं. गीझरखाली न मावणाऱ्या चार इंचांचं काय करू? साडेपाच किलोचा ड्रायर भिंतीवर स्टँडला लावता येतो म्हणे, मग शेजारच्या भिंतीवर, कट्ट्याच्या वर लावून टाकू का? गीझर एकीकडे, ड्रायर एकीकडे, पाइप खिडकीतून बाहेर.

प्रतिसाद

थांबा थांबा. बाल्कनी बंद आहे का? म्हणजे काच लावलीय का?

धागाकर्ती

हो, सरकती काच लावून घेतलीय, पाऊस आत येतो म्हणून. पावसाळ्यात बंदच असते.

प्रतिसाद

मग हे नका करू. पाइपवाला ड्रायर आतली हवा सतत ओढून बाहेर फेकतो. त्याच बंद जागेत गॅस गीझर चालू असेल तर गीझरचा धूर वर जायच्या ऐवजी आत ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ना वास ना रंग. बंद जागेत गॅस गीझर हा प्रकार मुळातच धोक्याचा आहे, काच लावलीत तेव्हाच तो हलायला हवा होता. रागावू नका, पण तुमचा प्रश्न वॉशर-ड्रायरचा नाहीच, गीझरचा आहे. तो काढा, धोकाही जाईल आणि वरची जागाही मोकळी होईल. आणि काढायचं काम पाइप गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच, आपल्या नळवाल्याकडून नाही.

धागाकर्ती

हे वाचून काल रात्री काच उघडून ठेवली आणि पाऊस आत आला तरी बंद केली नाही. नवरा म्हणाला, आपण दोन वर्षं असेच राहतोय. मी म्हटलं म्हणूनच.

अपडेट: गीझर काढायची तारीख मिळाली, पुढच्या सोमवारी. बाथरूममध्ये १५ लिटरचा विजेवरचा बसवतोय. इलेक्ट्रिशियन बघून गेला, ड्रायरला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट ओढतो म्हणाला, वॉशर-ड्रायर दोन्ही एका एक्स्टेंशनवर चालवायचं मी विचारलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की बस. फ्रंट लोड ८ किलोचं, १४०० स्पिनवालं नक्की केलं. ड्रायर त्याच कंपनीचा घेतोय कारण वर ठेवायचा स्टॅकिंग किट एकमेकाला बसायला हवा, हे दुकानात दुसऱ्या माणसाने सांगितलं, हा बरा होता. एकूण बजेट गीझर धरून ७५ च्या घरात गेलं, ते असो. सासूबाई म्हणाल्या घ्या, माझ्या टोपलीला कोणी विचारणार नाही, पण रात्री इस्त्री करत बसते ही पोरगी ते मला बघवत नाही. मी काही बोलले नाही, चहा टाकला.

शेवटची शंका. ड्रायरचा चार इंची पाइप काचेत गोल भोक पाडून बाहेर काढणार आहोत. आमच्याकडे कबुतरांचा इतका त्रास आहे की कुठलंही भोक दिसलं की काड्या आणून टाकतात. तोंडाला बारीक जाळी लावू का?

प्रतिसाद

बारीक जाळी नको, त्यात लिंट अडकून आठ दिवसात बूच बसेल आणि ड्रायर तापेल. हवेने उघडणारी आणि मशीन बंद झालं की आपोआप पडणारी झडप मिळते, हार्डवेअरच्या दुकानात एक्झॉस्टची झडप म्हणून मागा. पाइप होईल तेवढा आखूड आणि सरळ ठेवा, आणि महिन्यातून एकदा झडप हाताने उघडून बघा, कबुतर बाहेर बसलं असेल तर ती उघडत नाही.