मदत हवी आहे: टीयूआय लायब्ररीचे डॉक्स दर रिलीजला मोडतात

काळी_खिडकी
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. टर्मिनलमध्ये चौकटी, तक्ते, मेनू काढणारी एक लायब्ररी (टीयूआय, म्हणजे मजकुराने बनलेला इंटरफेस) मी तीन वर्षं सांभाळतोय. कोड ठीक आहे, टेस्ट हिरव्या आहेत. वैताग आहे तो डॉक्सचा, म्हणजे माहितीपानांचा. दर रिलीजच्या वेळी कुठलं तरी उदाहरण चालेनासं होतं आणि स्क्रीनशॉट तर सगळेच जुने पडतात. मागचा शनिवार-रविवार मी एकतीस स्क्रीनशॉट हाताने काढण्यात घालवला. टर्मिनल उघडा, उदाहरण चालवा, खिडकीचा आकार जुळवा, चित्र घ्या, कडा कापा, अपलोड करा, की पुढचं. सोमवारी सकाळी इश्यू आला: ‘पहिल्याच पानावरचं उदाहरण चालत नाही.’ डोकं फिरलं. उदाहरणं आणि स्क्रीनशॉट आपोआप ताजे राहतील अशी सोय कुणी केली आहे का? सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) एकदा करून बघितलं होतं, पण ते लटकतं. जरा लवकर सांगा, पुढचा रिलीज याच आठवड्यात आहे.

फेरकंपाइल
भाषा कुठली ते लिहिलंच नाहीत. रस्ट असेल तर उदाहरणांचा प्रश्न निम्मा सुटलेलाच आहे. डॉक कॉमेंटमधला कोड ‘कार्गो टेस्ट’ करताना कंपाइल होतो आणि चालतोही, उदाहरण मोडलं की टेस्ट लाल. पडद्यासाठी राटाटुई या रस्टच्या टीयूआय लायब्ररीमध्ये टेस्टबॅकएंड आहे, सगळं मेमरीतल्या बफरवर काढतं, खरा टर्मिनल लागतच नाही. नवीन काही सुरू करणार असाल तर मी मनापासून हेच सुचवेन.

टाचण
रस्ट आहे असं ते कुठे म्हणाले? आधी माहिती तर मिळू दे.
काळी_खिडकी, डॉक्स कशात बनवता? उदाहरणांचा कोड पानावर कसा येतो? ‘लटकतं’ म्हणजे नेमकं काय होतं? आणि सोमवारच्या त्या इश्यूमध्ये एररचा मजकूर काय आहे, तो जसाच्या तसा द्या.

काळी_खिडकी
पायथन आहे, स्फिंक्स आहे. लटकतं म्हणजे जॉब सुरू होतो, काही छापत नाही आणि सहा तासांनी मरतो. नुसतं चालवलं तर ‘टर्मिनल नाही’ म्हणून लगेच पडायचं, म्हणून ‘स्क्रिप्ट’ कमांडमधून चालवलं होतं. इश्यूचं नंतर बघू, ते एक उदाहरण दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतील. मला कायमचा इलाज हवाय.

रात्रपाळी
सहा तास म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्स (गिटहबचं सीआय) असणार, तिथे एका जॉबला तेवढीच मुदत असते. ‘स्क्रिप्ट’ने तुमच्या उदाहरणाला खोटा टर्मिनल मिळवून दिला, त्यामुळे ते आनंदाने सुरू झालं आणि कळ दाबली जायची वाट बघत बसलं. तिथे कळ दाबणार कोण? प्रत्येक उदाहरणाला बाहेरून कळा पाठवायला हव्यात आणि शेवटची कळ ‘क्यू’ हवी. शिवाय जॉबला पाच मिनिटांची टाइमआउट लावा, म्हणजे निदान सहा तास जाणार नाहीत.
चित्रांसाठी व्हीएचएस वापरा. एका टेप फाइलमध्ये ‘हे टाइप कर, एंटर दाब, दोन सेकंद थांब’ असं लिहायचं, ते स्वतः टर्मिनल चालवून जिफ बनवतं. त्याला टीटीवायडी आणि एफएफएमपेग हे प्रोग्रॅम लागतात तेवढे सीआयवर बसवा. टेप फाइल रेपोमध्येच (कोडसोबतच) राहते, त्यामुळे चित्र पुन्हा काढायचं म्हणजे एक कमांड. मी गेलं वर्षभर हेच करतोय, खिडकीचा आकार जुळवायची कटकट पूर्ण संपली.

जुना_कळफलक
मी स्पष्टच लिहितो. एकतीस चित्रं लागतात कशाला? एनकर्सेस ही टर्मिनलची जुनी लायब्ररी १९९३पासून आहे. तिचं मॅन्युअल उघडा. एकही चित्र नाही. फंक्शन काय घेतं, काय परत देतं, चुकलं तर काय होतं, दुसऱ्या प्रणालीवर काय फरक पडतो, यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. पोर्टेबिलिटीचा भाग वाचून माझे कित्येक तास वाचले आहेत. जिफमध्ये शोधता येत नाही, त्यातला मजकूर कॉपी करता येत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही.

रात्रपाळी
स्क्रीन रीडरचा मुद्दा मान्य, तो मी माझ्या डॉक्समध्ये सांभाळलेला नाही, सांभाळायला हवा. पण टीयूआय लायब्ररी निवडणारा माणूस आधी ती दिसते कशी हेच बघतो. स्क्रोल करताना तक्त्याचं शीर्षक जागेवर राहतं की वर सरकतं, हे तीन परिच्छेद लिहून सांगण्यापेक्षा दोन सेकंदांत दाखवता येतं. एनकर्सेसचं मॅन्युअल ज्याला आधीच कर्सेस येतं त्याच्यासाठी उत्तम आहे. मी शिकत होतो तेव्हा त्यातून पहिली खिडकी उघडायला मला आठवडा लागला होता.

जुना_कळफलक
शिकण्याचं पान वेगळं, संदर्भाचं वेगळं. तुम्ही दोन्हींची सरमिसळ करताय.

टाचण
तुमच्या दोघांच्या मधला मार्ग आहे, निदान स्थिर पडद्यांसाठी. पायट नावाची पायथन लायब्ररी आहे, ती मेमरीत टर्मिनल उभा करते. आकार ऐंशी बाय चोवीस ठेवायचा, उदाहरणाने छापलेले बाइट तिला द्यायचे, आणि डिस्प्लेमधून चोवीस ओळी साध्या मजकुरात मिळतात. त्या ओळी फाइलमध्ये ठेवा. टेस्टमध्ये त्यांची तुलना करा आणि स्फिंक्सच्या पानावरही तीच फाइल घ्या. रंग दाखवायचे असतील तिथेच चित्र. आमच्याकडे पन्नासेक पडदे असे आहेत. पुल रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या प्रस्तावात) चौकटीचा एक कोपरा जरी हलला तरी डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातल्या फरकात, दिसतो.
पण काळी_खिडकी, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली. कोड पानावर कसा येतो? आणि एरर काय?

शिरोरेघ
मध्येच विचारतो, क्षमस्व. तुमच्या लायब्ररीत देवनागरी नीट दिसते का? मी एका दुसऱ्या लायब्ररीत मराठी नावांचा तक्ता केला तर उजवीकडची उभी रेघ प्रत्येक ओळीत वेगळ्याच जागी. ‘क्षि’ला चार घरं सोडली जातात, अक्षर मात्र एवढंसं. दोन दिवस गेले त्यात.

रात्रपाळी
क, हलन्त, ष आणि वेलांटी, असे चार कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे चार घटक. लायब्ररी ‘लेन’ (कोडपॉइंट मोजणारं फंक्शन) वापरून रुंदी मोजत असेल तर चारच येणार. डब्ल्यूसीविड्थ (अक्षराला किती घरं लागतात ते सांगणारी लायब्ररी) वापरून बघा, बरंच सुधारतं. तरी पूर्ण सुटणार नाही, कारण टर्मिनल स्वतः किती घरं देतो तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा. तोच तक्ता दोन टर्मिनलांत उघडून बघा, रेघ दोन ठिकाणी दिसेल.

शिरोरेघ
दोन टर्मिनलांत बघितलं, अगदी तसंच. मग हे त्यांच्या डॉक्समध्ये का नाही? ‘युनिकोड चालतं’ एवढंच लिहिलंय. दोष माझ्या कोडमध्ये आहे असं समजून मी शोधत बसलो.

जुना_कळफलक
हेच तर मी म्हणतोय! ‘कुठे काय चालत नाही’ हे पान आधी लिहा, चित्रं मागाहून.

टाचण
या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. कोणकोणत्या टर्मिनलवर तपासलं, टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचा प्रकार सांगणारं) काय होतं, रंग किती मिळाले, हे एका पानावर हवंच.

काळी_खिडकी
टाचणताई, कोड कॉपी-पेस्टनेच येतो. उदाहरणांचं फोल्डर वेगळं आहे, त्यातला भाग उचलून पानावर डकवतो. एरर ही घ्या: टाइपएरर, ‘टेबल’ला अनपेक्षित कीवर्ड आर्ग्युमेंट ‘बॉर्डर’. पण मी आत्ता माझ्या मशीनवर चालवलं, व्यवस्थित चालतंय. त्या माणसाचंच काही तरी बिघडलं असावं.

टाचण
थांबा. ‘बॉर्डर’ कधी घातलंत?

काळी_खिडकी
मागच्या महिन्यात. मेनवर (मुख्य ब्रँचवर) मर्ज केलंय.

टाचण
आणि ते ज्यात आहे तो रिलीज?

काळी_खिडकी
याच आठवड्यात करणार आहे.

टाचण
मग तुमचं उदाहरण जुनं झालेलं नाही, ते पॅकेजच्या पुढे गेलंय. तो माणूस ‘पिप इन्स्टॉल’ करतो, त्याला मागचा रिलीज मिळतो, त्यात ‘बॉर्डर’ नाहीच. साइट मात्र मेनवरून बनते. तुम्ही मेनवर काम करता म्हणून तुमच्याकडे चालतं. साइट कुठे आहे? रीड द डॉक्सवर (डॉक्स ठेवायची सेवा) असेल तर डीफॉल्ट आवृत्ती ‘लेटेस्ट’ असते, म्हणजे मुख्य ब्रँच. रिलीजला गिटमध्ये टॅग (आवृत्तीची खूण) देता का?

काळी_खिडकी
रीड द डॉक्सच. टॅग देतो, न चुकता.
मी आत्ता जुने इश्यू उघडून तारखा बघितल्या. डॉक्सबद्दलच्या नऊ तक्रारींपैकी सात रिलीजच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांतल्या आहेत. मी रिलीजच्या गडबडीत असतो म्हणून ‘रिलीजला मोडतं’ असं डोक्यात बसलं होतं. त्या सोमवारच्या माणसाला मी ‘तुमचं इन्स्टॉलेशन तपासा’ असं उत्तर दिलंय. फार वाईट वाटतंय. आधी त्याला लिहितो.

टाचण
लिहा. मग सेटिंगमध्ये डीफॉल्ट ‘स्टेबल’ करा, ते सर्वांत अलीकडच्या टॅगवरून बनतं. मेनवर नवीन काही घालताना स्फिंक्सचं ‘व्हर्जनअ‍ॅडेड’ (हे कोणत्या आवृत्तीत आलं ती नोंद) त्याच पुल रिक्वेस्टमध्ये लिहायचं, नंतर आठवणीने लिहू म्हटलं की राहतं. आणि कॉपी-पेस्ट बंद. ‘लिटरलइन्क्लूड’ने उदाहरणाची खरी फाइलच पानावर घ्या, हवा तो भाग ‘स्टार्ट-आफ्टर’ आणि ‘एंड-बिफोर’ने तोडता येतो. ओळींचे आकडे देऊ नका. वर एक इम्पोर्ट वाढला की पानावर भलताच तुकडा येतो आणि बिल्ड तक्रारही करत नाही. खुणेची कॉमेंट सापडली नाही तर निदान वॉर्निंग येते, आणि बिल्डला ‘डॅश डब्ल्यू’ लावलं की ती वॉर्निंग एरर होते. डब्ल्यू कॅपिटल.

फेरकंपाइल
रस्टमध्ये हे सगळं...

जुना_कळफलक
फेरकंपाइल, त्यांची लायब्ररी तीन वर्षं पायथनमध्ये आहे. ती ते बदलणार नाहीत.
काळी_खिडकी, एक गोष्ट पहिल्या पानावर जरूर घाला. उदाहरण मध्येच क्रॅश झालं तर टर्मिनल रॉ मोडमध्येच अडकतो. टाइप केलेलं दिसत नाही, कर्सर गायब. नवख्याला वाटतं मशीन बिघडलं, तो खिडकीच बंद करतो आणि एररही त्याबरोबर जाते. न दिसताच ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबायचं, एवढं एक वाक्य पुरे.

काळी_खिडकी
तीन दिवसांनी परत येतोय. ‘स्टेबल’ केलं. सोमवारच्या माणसाची क्षमा मागितली, त्याचं चाललं. सव्वीस उदाहरणं ‘लिटरलइन्क्लूड’वर आणली. आणताना कळलं की त्यांपैकी चार फोल्डरमध्येच मोडलेली होती आणि पानावर डकवलेली प्रत मात्र मी कधीतरी हाताने दुरुस्त केलेली. पायटने एकोणीस पडदे मजकुरात आले, बारा चित्रं राहिली, ती रंगांची. त्यांच्यासाठी व्हीएचएस लावतोय, प्रत्येकाखाली दोन ओळींचं वर्णनही लिहितोय. ‘रीसेट’चं वाक्य पहिल्या पानावर आहे. रुंदीच्या पानासाठी शिरोरेघ यांचा तो मराठी नावांचा तक्ता मिळाला तर टेस्टमध्येच घालतो.
एक शंका उरली. लोकांनी जागोजागी दिलेले जुने दुवे ‘लेटेस्ट’चे आहेत. ते मोडतील का?

टाचण
नाही. ‘लेटेस्ट’ आहे तिथेच राहतं, फक्त मूळ पत्त्यावर येणारा आता ‘स्टेबल’वर जातो. पण जुन्या दुव्यावरून येणारा अजूनही मेनचेच डॉक्स वाचणार, म्हणून ‘लेटेस्ट’च्या प्रत्येक पानावर वर पट्टी लावा: हे अजून रिलीज न झालेल्या आवृत्तीचं आहे. पट्टीतून ‘स्टेबल’च्या त्याच पानाचा दुवा द्या, मुखपृष्ठाचा नको.

शिरोरेघ
तक्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. त्यात ‘क्षितिज’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ मुद्दाम ठेवलंय.