अनोळखी नंबर: उचलायचा की वाजू द्यायचा?

निवांत गडी
मुद्द्याचं आधी सांगतो. सेव्ह नसलेल्या नंबरवरून आलेला फोन मी उचलत नाही. दोन वर्षं झाली. आयफोनमध्ये २०१९ पासून, म्हणजे आयओएस १३ पासून, अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे. ती चालू केली आणि सुटलो. फोन वाजतच नाही. रात्री सवडीने यादी बघतो, एखादा कामाचा वाटला तर त्याला मेसेज टाकतो.

परवा यावरून चुलत भावाशी जुंपली. तो म्हणतो हा निव्वळ माज आहे. मला यात माज दिसत नाही. दाराची बेल वाजली की आपण आधी डोकावून बघतो ना, कोण आहे ते? मग फोन वाजला की लगेच दार सताड का उघडायचं? ज्याला खरंच काम आहे तो दोन ओळी लिहील. नाही लिहिल्या तर ते काम तेवढं महत्त्वाचं नव्हतं. तुम्ही काय करता?

तिरकस
मीही उचलत नाही. फक्त मी याला तत्त्व म्हणत नाही, आळस म्हणतो.

रात्रपाळी
'ते काम तेवढं महत्त्वाचं नव्हतं' हे वाचलं म्हणून लिहायला बसले, एरवी मी नुसती वाचते.

मी इस्पितळात अपघात विभागाच्या नोंदणी टेबलावर असते. बेशुद्ध माणूस आणतात. त्याचा फोन बंद पडलेला असतो, नाहीतर काचेचा चुरा झालेला असतो. पाकिटात कुठेतरी एक नंबर सापडतो, किंवा सोबत आलेल्याला एखादा तोंडपाठ असतो. तो मी टेबलावरच्या लँडलाइनवरून लावते. रिंग पूर्ण जाते. पुन्हा लावते. पुन्हा पूर्ण जाते. मेसेज करा म्हणता, तर लँडलाइनवरून कसा करू? आणि स्वतःच्या मोबाइलवरून केला तरी त्यात लिहू काय? 'तुमचे यजमान आमच्याकडे आहेत, घाबरू नका'? असा मेसेज मला आला तर मीच तो फसवणुकीचा समजून पुसून टाकेन.

मागे एका बाईंना अकरा वेळा फोन लावला. सकाळी सहाला त्यांचा उलटा फोन आला. पहिलंच वाक्य, 'रात्रभर काय चालवलंय? मला कर्ज नकोय.' तोवर त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. ते बरे होऊन घरी गेले, पण सह्यांसाठी रात्री आमची जी धावपळ झाली ती झालीच.

त्या बाईंना मी दोष देत नाही. अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाला, हे त्यांना कोणी शिकवलं ते आपल्याला माहीत आहे. पण 'खरं काम असणारा लिहील' हे तुमचं गृहीतक माझ्या टेबलावर रोज रात्री खोटं ठरतं.

तिरकस
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण अपघात विभाग मध्ये आला की चर्चाच संपते, समोरच्याला बोलायची सोय राहत नाही. आयुष्यात एखाद्या वेळी येणाऱ्या फोनसाठी रोजचे सहा फालतू फोन उचलायचे, हा हिशेब मला पटत नाही. झोपेतून उठवून क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांनी हे सगळं नासवलंय. तुमचा फोन मी बुडवलेला नाही, त्यांनी बुडवलाय.

रात्रपाळी
बुडवला कोणी यावर मी भांडतच नाही. पण उचलायचा होता तो तुम्हीच.

पानापक्कड
भांडण नंतर करा. आधी सेटिंग नेमकी काय करते ते बघू, कारण अर्ध्या लोकांनी भलतंच बटण दाबलेलं असतं.

आयफोनची ती सोय चालू असली तरी तीन प्रकारचे नंबर वाजतात: सेव्ह केलेले, ज्यांना तुम्ही अलीकडे स्वतः फोन लावलाय ते, आणि मेल-मेसेजमध्ये आलेले जे फोनला ओळखीचे वाटतात ते. बाकीचे गप्प. ते यादीत दिसतात, व्हॉइसमेल असेल तर तिकडे जातात, नसेल तर नुसता मिस्ड कॉल. आणखी एक, जे फार कोणाला माहीत नसतं: तुम्ही आपत्कालीन नंबर लावलात की पुढचे २४ तास ही सोय आपोआप बंद राहते, म्हणजे मदतीसाठी उलटा येणारा फोन वाजतो. हे ज्याने सुचवलं त्याचं मला कौतुक वाटतं.

अँड्रॉइडवर गंमत वेगळी आहे. गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये 'अननोन' ब्लॉक करायचं बटण आहे. लोक ते दाबतात आणि मग तक्रार करतात की तरीही फोन येतातच. ते बटण फक्त नंबर लपवून येणारे कॉल अडवतं. नंबर दिसतोय पण तुमच्याकडे सेव्ह नाही, असा कॉल त्याच्या लेखी अननोन नसतोच.

रात्रपाळींच्या कामाची गोष्ट म्हणजे डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे मुभा दिलेले सोडून सगळे कॉल गप्प करणारी वेगळी सेटिंग. त्यात पुन्हा येणारा कॉल वाजू द्यायची सोय असते. आयफोनवर त्याच नंबरवरून तीन मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर वाजतो, अँड्रॉइडवर ही मुदत १५ मिनिटांची आहे. पण निवांत गड्याने लावलेली सोय ती नव्हे! त्याच्याकडे अनोळखी माणसाने पन्नास वेळा लावला तरी शांतताच.

निवांत गडी
हे मला माहीत नव्हतं. पन्नास वेळा?

पानापक्कड
पन्नास वेळा.

दोन मुलांची आई
माझी मोठी शाळेच्या सहलीहून परतताना उतरायच्या जागी चुकली. तिच्या फोनची बॅटरी संपलेली. तिने एका काकूंचा फोन मागून मला लावला. मी मीटिंगमध्ये, अनोळखी नंबर बघितला आणि कट केला. दुसऱ्यांदा कट केला. तिसऱ्यांदा चिडून उचलला आणि 'कोण आहे?' असं खेकसले. पलीकडून, 'आई, मी.' तिचा तो आवाज अजून कानात आहे, खेकसल्यामुळे बारीक झालेला.

तेव्हापासून मी उचलते. सगळे उचलते. दिवसाला चार-पाच फालतू निघतात, प्रत्येकी दहा सेकंद. मला परवडतं.

सांभाळून
दहा सेकंद तुम्हाला लागतात. माझ्या बाबांना चाळीस मिनिटं लागतात.

बाबा नोकरीत असताना फोन वाजला की उभं राहून उचलायचे, त्या पिढीतले. आता ७४ वर्षांचे आहेत. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं त्यांना जमतच नाही, ते त्यांना असभ्य वाटतं. गेल्या वर्षी 'तुमचं खातं बंद होतंय' म्हणणाऱ्याशी ते एवढा वेळ बोलत राहिले. मी खोलीत आलो तेव्हा चष्मा कपाळावर ठेवून कार्डाचे आकडे वाचून दाखवत होते. आठ आकडे वाचून झाले होते. मी हातातून फोन काढून घेतला तर माझ्यावरच रागावले, 'अरे तो पोरगा किती व्यवस्थित बोलत होता.'

त्यामुळे मला वाटतं उचलावा की नाही हा प्रश्नच थोडा चुकलाय. उचलल्याने कोणाचे पैसे जात नाहीत. ठेवता येत नाही म्हणून जातात. बाबांच्या फोनवर मी अनोळखी कॉल बंद केलेत, पण ते औषध नाही हे मलाही कळतं. कारण उद्या ओळखीच्या नावाने फोन आला तर?

वाचनमात्र
ओळखीच्या नावाचं म्हणाल तर माझं ऐका. मी या प्रकारात चोर ठरलोय.

एका मंगळवारी सकाळी मला अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. 'तुम्ही आत्ता फोन का केला होता?' मी म्हटलं, मी नाही केला. 'खोटं बोलू नका, तुमचाच नंबर दिसतोय.' दुपारपर्यंत असे तीसेक झाले असतील. एका आजोबांनी मला आईवरून शिवी दिली. एका बाईने समजावलं, 'बाळा, दुसरा काहीतरी धंदा कर.' कोणीतरी माझा नंबर मुखवट्यासारखा लावून विक्रीचे फोन करत होतं. दोन दिवसांत थांबलं. पण त्या लोकांपैकी कितीजणांनी मला ब्लॉक करून स्पॅम म्हणून कळवलं कोण जाणे. त्यानंतर काही ठिकाणी माझ्या नंबरपुढे लाल अक्षरं दिसतात, असं मित्र सांगतात. आता मी लोकांना फोन करतो आणि कोणी उचलत नाही!

पानापक्कड
हे होतं कारण पडद्यावर दिसणारा नंबर ही फोन करणाऱ्या बाजूने पाठवलेली माहिती असते. पाकिटावर पाठवणाराच आपला पत्ता लिहितो तसं. जुन्या जाळ्यात कंपन्या एकमेकींवर विश्वास ठेवून तो पुढे सरकवत आल्या. इंटरनेटवरून कॉल करणं सोपं झालं आणि कोणताही नंबर लिहिणं जमायला लागलं.

अमेरिकेत यावर स्टर-शेकन नावाची पद्धत आणली. ज्या कंपनीकडून कॉल निघतो ती त्यावर डिजिटल सही करते. मोठ्या कंपन्यांना ३० जून २०२१ पर्यंत ती लावायची सक्ती होती. पण सही एवढंच सांगते की नंबर बनावट नाही. खऱ्या नंबरवरून लबाड बोलला तर तिचा काही उपयोग नाही.

म्हणूनच एकेक नंबर ब्लॉक करत बसणं मला पाण्यावर काठी मारल्यासारखं वाटतं. उद्या त्यांचा नंबर नवा. आणि ब्लॉक कोण झालं, तर वाचनमात्रसारखा माणूस.

जाता जाता: एकच रिंग देऊन कट होणारा परदेशी नंबर असेल तर उलटा लावू नका. जपानी लोक याला वांगिरी म्हणतात, 'एक रिंग आणि कट'. उलटा लावला की महागड्या दराने पैसे कापले जातात, तोच त्यांचा धंदा.

कुंपणावरचा
मला एक साधी शंका. फोन उचलून मी हॅलो हॅलो करतो आणि पलीकडे कोणीच नसतं, हे काय आहे? पाळत ठेवतात का?

पानापक्कड
पाळत नाही. विक्रीच्या ठिकाणी यंत्र एकाच वेळी भरपूर नंबर फिरवतं, बोलणाऱ्या माणसांपेक्षा जास्त. तुम्ही उचललात आणि तिकडे कोणी मोकळं नसलं तर यंत्र कट करतं. हॅलोनंतर दोन सेकंद शांतता आणि मग 'नमस्कार सर' आलं, तर तेव्हाच एखादा मोकळा झालाय असं समजा. मी त्या दोन सेकंदांतच ठेवतो. ओळखीचा माणूस एवढा वेळ गप्प राहत नाही.

तिरकस
माझी बायको राहते. भांडणानंतर.

सांभाळून
यंत्राकडूनच विचारून घ्यायची सोय चांगली वाटते मला. गूगलच्या पिक्सेलवर २०१८ पासून आहे, आयफोनवर २०२५ मध्ये आयओएस २६ सोबत आली. फोन आधी स्वतः विचारतो, कोण बोलताय, कशासाठी. उत्तर पडद्यावर लिहून येतं, मग आपण ठरवायचं. निवांत गड्याचं 'आधी डोकावून बघतो' म्हणतात ते हेच झालं.

रात्रपाळी
यंत्राने मला विचारलं तर मी सांगेन. माझी हरकत नाही. पण घाईत असलेला आणि फोन मागून घेतलेला माणूस यंत्राचा आवाज ऐकला की ठेवून देतो, रेकॉर्डिंग लागलं असं वाटून. वर ज्या मुलीचं लिहिलंय ती बोलली असती का?

दोन मुलांची आई
नसती बोलली. तिला व्हॉइसमेलचाही धाक वाटतो.

आता तिला माझा आणि तिच्या बाबांचा नंबर पाठ करून घेतलाय. आणि घरातल्या घरात एक शब्द ठरवलाय. आवाजाची नक्कल करून पैसे मागतात असं वाचलं होतं, म्हणून. फोनवर रडत कोणीही 'आई मी' म्हटलं तर आधी शब्द विचारायचा. धाकट्याने शब्द इतका घाणेरडा निवडलाय की इथे लिहीत नाही.

निवांत गडी
सगळं वाचलं. तिरकस सोडून सगळ्यांनी मला विचार करायला लावलं.

माझं मत पूर्ण फिरलेलं नाही. दिवसभर वाजणारा फोन मला अजूनही नको आहे. पण 'खरं काम असेल तर लिहील' हे मागे घेतो. लँडलाइनचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. काल ती गप्प करायची सोय बंद केली, त्याऐवजी डू नॉट डिस्टर्ब लावलं. सेव्ह केलेल्यांना मुभा, आणि तीन मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर कोणाचाही वाजेल. विचारून घेणारी सोय माझ्या जुन्या फोनवर येतच नाही.

मग बसून दोन आठवड्यांची यादी तपासली. अनोळखी मिस्ड कॉल ३१. मागोमाग लगेच दुसऱ्यांदा आलेले फक्त दोन. त्यातला एक नंबर कर्जवाल्या यंत्राचा निघाला, त्यालाही दोनदा लावायची अक्कल आहे.

रात्रपाळी
आणि दुसरा?

निवांत गडी
दुसरा मामाचा. नवीन नंबर घेतलाय, कळवायचं राहिलं होतं म्हणे.

रात्रपाळी
सेव्ह केलात?

निवांत गडी
केला. आता तो दर तासाला फोन करून 'वाजला का?' विचारतोय.