रेंडरिंग सुरू झाले की संगणकातून येणारा आवाज : आपले अनुभव लिहावेत

नौपाडा, ठाणे

ग्राफिक्सचे जड काम सुरू झाले की संगणक किरकिरतो किंवा स्पीकर गुणगुणू लागतो, अशी तक्रार मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक परिचितांकडून ऐकली आहे. आपल्याकडे आवाज नेमका कुठून येत होता, तो कसा शोधला आणि कशाने थांबला, हे सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीची त्रिमितीय चित्रे करून देतो आणि ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधले रेंडरिंग, म्हणजे त्रिमितीय मॉडेलवरून अंतिम चित्र तयार करण्याचे काम, रात्री लावून झोपतो. नवे ग्राफिक्स कार्ड बसवले त्या पहिल्याच रात्री रातकिड्यासारखी बारीक, टोकदार किर्र ऐकू आली. पंख्याचे बेअरिंग गेले असे धरून मी दोन पंखे बदलले; पैसे गेले, किर्र राहिली. मग लक्षात आले की पंख्याचा वेग चढायला आणि उतरायला वेळ लागतो, हा आवाज मात्र रेंडर थांबवताच त्याच क्षणी तुटतो. जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची नळी करून एक टोक कानाशी धरले आणि दुसरे उघड्या कॅबिनेटसमोर, कशालाही न टेकवता, सावकाश फिरवले, तेव्हा तो आवाज कार्डाच्या वीजजोडणीलगत सर्वांत मोठा झाला.

तिथे चोकांची रांग असते. चोक म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी. त्यांतला प्रवाह कार्डाच्या मागणीनुसार वेगाने कमीजास्त होतो, तसे चुंबकीय बल बदलते आणि वेटोळी सूक्ष्म थरथरतात. ही थरथर २० ते २०,००० हर्ट्झच्या आत आली की ती आपल्याला ऐकू येते. यालाच कॉइल व्हाइन म्हणतात आणि त्याने कार्ड निकामी होत नाही. मी कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली. चाळीस मिनिटांच्या रेंडरला तीनेक मिनिटे जास्त लागू लागली, पण खोलीत झोप येऊ लागली.

ऐरोली

माझ्याकडे गेमच्या मेनूवरच शिट्टी वाजत असे, कारण साध्या स्थिर चित्राच्याही सेकंदाला शेकडो फ्रेम तयार होत होत्या. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच दाखवतो, म्हणून फ्रेमची मर्यादा ६० ठेवली आणि शिट्टी बंद झाली.

कोपरखैरणे

माझा आवाज कॅबिनेटमधून नव्हे, स्पीकरमधून येत होता, आणि हा भेद सर्वांत आधी करावा असे मला आवर्जून सांगायचे आहे. मॉडेल पडद्यावर फिरवले की घर्र, थांबवले की शांतता. स्पीकरची वायर संगणकातून काढली की पूर्ण शांतता. स्पीकर एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि संगणक दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेला होता, त्यामुळे दोघांच्या अर्थिंगमधून आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून एक बंद वळसा तयार झाला होता आणि त्यातून फिरणारा प्रवाह स्पीकरमध्ये घर्र होऊन ऐकू येत होता. दोन्ही एकाच बोर्डवर घेतल्यावर घर्र बरीच कमी झाली, आणि ऑप्टिकल केबल वापरल्यावर उरलेलीही गेली, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. दुकानात मला प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता. कृपया तसे कोणीही करू नये; आवाज जातो, पण जिवाचे संरक्षणही जाते.

घोडबंदर रोड, ठाणे

वरच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडतो. आमच्याकडे स्पीकर गुणगुणत होताच, शिवाय अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येत. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला तेव्हा फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट व्यवस्थित मिळाले, फेज आणि अर्थमध्ये मात्र जवळजवळ काहीच नाही. सॉकेट उघडल्यावर हिरवी तार स्क्रूखालून निसटून मागे लोंबकळताना दिसली. एसएमपीएसमधल्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ तुटली की कॅबिनेटवर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येऊन राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून फक्त मुंग्या येतात. तार पुन्हा आवळली आणि गुणगुण व मुंग्या दोन्ही एकदम थांबल्या. इमारत नवी आहे, म्हणून अर्थिंग ठीकच असेल, असे मी तीन वर्षे गृहीत धरून बसलो होतो.

नेरुळ

येथे बहुतेक आवाज निरुपद्रवी ठरले, म्हणून वेगळा अनुभव मुद्दाम लिहिते. माझा आवाज एकसुरी नव्हता. तेलात मोहरी तडतडावी तसा तो अधूनमधून येई, आणि दुसऱ्या दिवशी त्याबरोबर प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मी रेंडर थांबवण्याची वाट न पाहता भिंतीवरचा स्विच बंद केला. कार्डाचा वीज कनेक्टर पुरता आत बसलेला नव्हता, सैल जोडावर ठिणग्या पडत होत्या आणि दोन पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते. केबल बदलली, नवा कनेक्टर खटका लागेपर्यंत दाबून बसवला, आणि सुदैवाने कार्ड वाचले. तडतड ऐकू आली तर कागदाची नळी घेऊन जवळ जाऊ नये; आधी वीज बंद करावी.