टॅलीप्राइममध्ये माउसला हात न लावता बिले करण्यासाठी कोणते शॉर्टकट आधी शिकावेत?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. फोंड्याला आमचे हार्डवेअर आणि रंगांचे दुकान आहे. सासरे वहीवर हिशेब लिहीत असत. गेल्या वर्षीपासून मी टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरू लागले आहे. चवथीच्या आधी घरे रंगवणाऱ्यांची गर्दी उसळते, आणि प्रत्येक बिलाला माउसकडे हात गेल्यामुळे गिऱ्हाइकांना ताटकळत उभे राहावे लागते. शॉर्टकटांची लांबलचक यादी मिळाली, पण ती पाठ होत नाही. रोजच्या कामाला खरोखर उपयोगी पडणारे कोणते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा)
ताई, यादी पाठ करूच नका. विक्रीसाठी एफ८, खरेदीसाठी एफ९, पैसे आले तर एफ६ आणि दिले तर एफ५, एवढे आठवडाभर वापरले की बोटे आपोआप तिकडे वळतात. तारीख बदलायला एफ२ आहे.

वेळ खरा वाचतो तो ऑल्ट आणि सी यांमुळे. बिल करताना नवा गिऱ्हाईक आला किंवा रंगाची नवी छटा यादीत नसली, तर त्याच रकान्यात ही जोडी दाबावी. खाते किंवा वस्तू तिथेच तयार होते आणि अर्धे बिल जागच्या जागी राहते. रकमेच्या रकान्यात हीच जोडी कॅल्क्युलेटर उघडते. मध्येच कोणी आपली जुनी बाकी विचारली, तर ऑल्ट आणि जी दाबून त्याचे खाते पाहावे आणि एस्केपने बिलावर परत यावे.

कंट्रोल आणि ए मात्र जपून वापरा. त्याने उरलेले रकाने न पाहता बिल थेट जतन होते, म्हणून दाबण्यापूर्वी पक्षाचे (म्हणजे गिऱ्हाइकाचे) नाव आणि एकूण रक्कम यांवरून एकदा नजर फिरवावी.

उत्तर (डिचोली)
वरील सल्ल्याला एक जोड देतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. चुकलेले बिल काढून टाकायला मी ऑल्ट आणि डी दाबत असे. आमच्याकडे क्रमांक आपोआप नव्याने लागण्याची सेटिंग होती, त्यामुळे एक बिल पुसले की पुढच्या सर्व बिलांचे क्रमांक एकाने सरकत, आणि गिऱ्हाइकांच्या हातातील छापील बिले आमच्या नोंदींशी जुळेनाशी होत. महिनाअखेरीस जीएसटीआर-१ हे विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरताना ते उलगडण्यात दोन दिवस गेले. बिल रद्द करायचे असेल तेव्हा ऑल्ट आणि एक्स वापरा: क्रमांक तसाच राहतो, रक्कम हिशेबातून जाते, आणि रद्द बिलांची संख्या विवरणपत्राच्या तक्ता १३ मध्ये दाखवता येते. दिलेले बिल पुसायचेच नाही, हा नियम दुकानातील प्रत्येकाला सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती (फोंडा)
आपणा दोघांचे मनापासून आभार. आजच वापरून पाहिले. आमच्या लॅपटॉपवर एफ८ दाबल्यावर विक्रीऐवजी पडद्याचा उजेड बदलत होता. एफएन धरून दाबल्यावर विक्रीची नोंद उघडली. महाराष्ट्रातील सावंतवाडीच्या एका ठेकेदाराला माल पोहोचवतो, त्याच्या बिलात आयजीएसटीऐवजी (परराज्यातील विक्रीवरचा कर) सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीवरचे कर) लागत आहे. त्याचे खाते बिलातूनच दुरुस्त करता येईल का?

उत्तर (म्हापसा)
होय. पक्षाच्या नावावर थांबून कंट्रोल आणि एंटर दाबा, म्हणजे त्याचे खाते दुरुस्तीसाठी उघडेल. तेथे राज्य गोवा राहिले असावे. त्याचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर राज्य महाराष्ट्र करा. आपला ३० ने सुरू होतो. परत आल्यावर पक्षाचे नाव पुन्हा निवडा, पुरवठ्याचे ठिकाण बदलले आहे याची खात्री करा आणि मगच बिल जतन करा.