जायकवाडी धरण: पाऊस लांबला तर आवर्तनाचं (कालव्यातून ठरावीक काळाने पाणी सोडण्याच्या पाळीचं) गणित कसं बसवायचं?

प्रश्न: हल्ली पाऊस ऑगस्टात दडी मारतो नि सप्टेंबरअखेर कोसळतो. 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर रब्बीचं नियोजन टिकतं का?

उत्तर 1: त्या तारखेला उपयुक्त साठा (वापरता येण्याजोगं पाणी) 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून किती सोडायचं ते ठरतं, एवढंच. साठा म्हणजे हातातलं पाणी नव्हे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट नि उथळ, उन्हाळा तापला की बाष्पीभवन वाढतं. ती तूट आणि पिण्याचं आरक्षण आधी वजा करा, मगच आवर्तनं मोजा.

उत्तर 2: खरी गोची कालव्यात. डावा कालवा 208 किमी, टेलला (शेवटच्या टोकाला) पाणी पोचायला दिवस लागतात. मध्येच अवकाळी आला की सगळे शेतकरी चाऱ्या (शेताकडे जाणारे छोटे फाटे) बंद करतात, पाणी तुंबून भराव फुटतो. एस्केप (जादा पाणी बाहेर सोडायचं दार) उघडा, विसर्ग टप्प्याटप्प्याने उतरवा. एकदम बंद केलात तर मागच्या ओल्या मातीच्या दाबाने कालव्याचं अस्तर निखळतं.

प्रश्नकर्ता: पिण्याचं जूनपर्यंत धरू?

उत्तर 1: जुलैअखेर धरा.