मदत हवी आहे : यूकेतलं शून्य टक्के व्याजाचं कार्ड, मुदत चुकली. भारतातली एफडी मोडू का?

नमस्कार मंडळी,

रेडिंगला असतो. चूक माझीच आहे हे आधीच कबूल करतो. ‘अटी नीट वाचायच्या ना’ हे घरी पुरेसं ऐकून झालंय.

ऑक्टोबर २०२३मध्ये एक क्रेडिट कार्ड घेतलं. खरेदीवर २१ महिने शून्य टक्के, त्यानंतर २४.९ टक्के एपीआर (वार्षिक व्याजदर). तेव्हा फर्निश्ड फ्लॅटमध्ये राहत होतो, त्यामुळे कार्ड नुसतंच ड्रॉवरमध्ये पडून होतं. जानेवारीत रिकाम्या घरात शिफ्ट झालो आणि २७ तारखेच्या शनिवारी एकाच दिवसात सोफा, डबल बेड आणि वॉशिंग मशीन घेतलं. एकूण ३९४० पौंड. माझ्या डोक्यात २१ महिने त्या शनिवारपासून सुरू झाले, म्हणजे ऑक्टोबर २०२५ची अखेर. दरमहा १०० पौंडांचं डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) लावलं. उरलेल्यासाठी अडीच लाख रुपयांची एनआरई एफडी (परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या खात्यातली मुदत ठेव) १८ ऑक्टोबर २०२४ला बरोबर एक वर्षासाठी ठेवली. ती पिकली की कार्ड बंद, असा हिशेब. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात स्टेटमेंट आलं. बाकी २१४० आणि त्याखाली एक ओळ : व्याज, ३६.७० पौंड. मुदत कार्ड उघडल्या दिवसापासून मोजतात, ती ९ जुलैलाच संपली. आणि ही तारीख दर महिन्याच्या स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर छापलेली असते! मी अठरा महिन्यांत दुसरं पान एकदाही उघडलं नाही. बँकेने आठवणीचं पत्रही पाठवलं होतं म्हणे, पण कार्डावर पत्ता अजून जुन्या फ्लॅटचाच.

प्रश्न असे :

मागच्या २१ महिन्यांचंही व्याज लावतील का? अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, त्याला एका स्टोअर कार्डावर पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागलं होतं. दुसरं, एफडी आत्ता मोडू, की दुसऱ्या कार्डावर बॅलन्स ट्रान्सफर करू, म्हणजे ही बाकी कमी व्याजाच्या नव्या कार्डावर हलवू? आणि बँकेकडे तक्रार करून काही निघेल का?

– काठावर_पास

खिसापाकीट : मावसभावाचं खरं आहे, पण तो अमेरिकेतल्या स्टोअर कार्डांचा प्रकार. तिथे व्याज मागे साठत असतं आणि मुदतीत पूर्ण फेडलं तरच माफ होतं. तुमच्या कार्डावर शून्य म्हणजे शून्य. १० जुलैपासून जे काय लागेल तेवढंच.

एफडीला हात लावू नका. एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. सात टक्के धरले तर अडीच लाखांवर साडेसतरा हजार, म्हणजे दीडशे पौंडांच्या आसपास पाण्यात. उलट कार्डावर आत्ता रोजचे सव्वा पौंडाच्या वर लागतायत. १८ ऑक्टोबरपर्यंत काहीच केलं नाहीत तरी साधारण ऐंशी. ऐंशी वाचवायला दीडशे घालवणार?

आजीचा_बटवा : बॅलन्स ट्रान्सफरचंही तेच. ३ टक्के फी धरा, ६४ पौंड तिथेच गेले. शिवाय नवीन कार्डाच्या अर्जाची नोंद क्रेडिट रिपोर्टवर राहणार. वर्षभर फेडणं जमणार नसतं तर मीच ट्रान्सफर करा म्हणाले असते. दोन महिन्यांसाठी कशाला?

एक विचारू का? त्याच कार्डावर अजून खरेदी चालू आहे का?

काठावर_पास : हो ना… ऑगस्टपासून आठवड्याचं वाणसामान बायको त्याच कार्डावर आणते. पॉइंट मिळतात.

आजीचा_बटवा : अहो, आज संध्याकाळपासून बंद करा ते! कार्डावर जुनी बाकी राहिली की नवीन खरेदीला ती पन्नासेक दिवसांची सवलत मिळत नाही. घेतलेल्या कोथिंबिरीवर त्याच दिवसापासून २४.९ टक्के. पॉइंटची किंमत काढायलाही बसू नका.

टेम्सकाठी : सगळे एफडीवर बोलताय, पण इथे बचत खातं नाही का यांचं? काठावर_पास, खरं सांगा.

काठावर_पास : आहे. ईझी ॲक्सेस (कधीही पैसे काढता येणाऱ्या) खात्यात १५०० पौंड, अडीनडीला म्हणून. गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरतोय, त्यामुळे सौ. हात लावू देत नाही.

टेम्सकाठी : वहिनींना सांगा, तिथे चार टक्के मिळवून इथे पंचवीस टक्के भरताय. हजार तरी आज भरा. गिअरबॉक्स गेलाच तर कार्डावर मोकळी झालेली लिमिट आहेच, तेवढ्यापुरती. बाकीचं सप्टेंबरच्या पगारातून होईल तेवढं, उरेल ते ऑक्टोबरमध्ये. एफडीचे पैसे आले की अडीनडीचं खातं पुन्हा भरा.

आणि एकरकमी फेडताना स्टेटमेंटवरचा आकडा भरू नका. फोन करून त्या दिवसाचा सेटलमेंट आकडा, म्हणजे त्या दिवसापर्यंतच्या व्याजासकट पूर्ण बाकी, विचारा. नाहीतर स्टेटमेंटनंतरच्या दिवसांचं व्याज पुढच्या महिन्यात तीन-चार पौंडांचं शेपूट म्हणून येतं. लोकांना वाटतं कार्ड मिटलं, ते डायरेक्ट डेबिट काढून टाकतात, आणि त्या चार पौंडांपायी लेट फी १२ पौंड.

तक्रारीबद्दल : ऑम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाणं फुकट आहे, पण आधी बँकेकडे तक्रार करायची आणि तिच्या अंतिम उत्तरासाठी आठ आठवड्यांपर्यंत थांबायचं. तारीख छापलेली असताना काय सांगणार तिथे? त्यापेक्षा गोड बोलून पहिल्या महिन्याचं व्याज परत मागा. दिलं तर दिलं.

काठावर_पास : अपडेट. १२०० भरले (तीनशे गिअरबॉक्ससाठी राखून ठेवा, हा तह झाला). पत्ता बदलला. फोनवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘एकवेळची सूट’ म्हणून १८ पौंड परत केले. एफडी तशीच आहे.

काल जुन्या फ्लॅटवर जाऊन आलो. नव्या भाडेकरूने माझी पत्रं रबरबँड लावून ठेवली होती. बँकेचं पत्र ६ जूनचं आहे, वर ठळक अक्षरात तारीख. त्याच गठ्ठ्यात कौन्सिल टॅक्सचंही (इथल्या घरपट्टीचं) एक पाकीट निघालंय, ते अजून उघडायचा धीर होत नाहीये. त्यासाठी वेगळा धागा काढू का?